बाळाच्या वस्तूंची घडण

लातूरहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर रेणापूर हें तालुक्याचें गांव आहे. रेणा नदी आणि रेणुकादेवीचें देऊळ यांमुळें तें आसपासच्या मुलुखांत ओळखीचें. तेथील एखाद्या जुन्या घरांत बारशाच्या दिवशीं डोकावलें तर दोन पिढ्यांचें सामान शेजारीं शेजारीं मांडलेलें दिसतें. आजीनें पेटींतून काढलेली कुंची, आणि लातूरच्या दुकानांतून आणलेली दुधाची बाटली. माळ्यावरून उतरवून नव्या रंगानें रंगविलेला लांकडी पाळणा, आणि खोक्यांत बंद होऊन आलेला, चाकांचा, शिट्ट्या वाजविणारा प्लॅस्टिकचा वॉकर. पाहुणे दोहोंचें कौतुक करतात. या वस्तु अशाच आकाराच्या कां, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

पुलाला, यंत्राला, इमारतीला घडण असते हें सर्वांस मान्य आहे. लंगोटालाहि घडण असते असें म्हटलें तर लोक हंसतील. वस्तुतः लहान मुलाची प्रत्येक वस्तु तिघांच्या गरजा तोलून घडविलेली असते. पहिलें बाळ, दुसरी त्याला सांभाळणारी आई, आजी किंवा मोठी बहीण, आणि तिसरें घर, म्हणजे त्याचें छप्पर, जमीन, चूल व पाणी. घर बदललें कीं वस्तु बदलते. ती बदलतांना या तिघांपैकीं कोणाची तरी सोय होते आणि कोणाच्या तरी नांवें खर्च पडतो. तिघांत बोलतां न येणारें एकटें बाळच असल्यामुळें हा खर्च पुष्कळदां त्याच्या नांवावर लिहिला जातो.

प्रथम पाळणा. मराठवाड्यांतील जुनें घर माळवदाचें. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर लांकडी तुळया, तुळयांवर कड्या व फळ्या, आणि सर्वांवर मातीचा जाड थर. अशा घरांत पाळण्याला निराळी सोय करावी लागत नसे. तुळईला दोर बांधले कीं काम झालें. चार कोपऱ्यांना चार दोर असल्यामुळें पाळण्याचा तळ झोक्यांतहि सपाट राही आणि बाळाची पाठ सरळ असे. वर रंगीत चिमण्यांचें चिमणाळें. तें बाळाच्या हातास न लागेल पण नजरेस पडेल अशा उंचीवर टांगलेलें. पाळण्याची एक दोरी चुलीपाशीं किंवा जात्यापाशीं बसलेल्या आईच्या हातापर्यंत आलेली.

या लांब दोराचा एक गुण मोजून दाखवितां येतो. लंबकाचा नियम असा कीं झोक्याला लागणारा वेळ दोराच्या लांबीवर अवलंबून असतो, टांगलेल्या वजनावर नव्हे. तुळईपासून पाळण्यापर्यंत साडेसात फूट अंतर असेल तर एकदां जाऊन परत येण्यास सुमारें तीन सेकंद लागतात. तेंच अंतर दोन फुटांचें झालें तर दीड सेकंद पुरतो. म्हणजे बाळ बारीक असो वा गुटगुटीत, माळवदाच्या घरांतील पाळणा आपोआपच संथ चाले. हा नियम त्या घरांतल्या बायकांना गणितानें ठाऊक नव्हता, पण हाताला ठाऊक होता.

हें घरच पुढें संशयास्पद ठरलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद या जिल्ह्यांतील सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांतील पुष्कळांचा प्राण घेतला तो अंगावर कोसळलेल्या दगडी भिंतींनीं व छपरावरील मातीच्या भारानें. ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. रेणापूर हें किल्लारीपासून दूर असलें तरी जाड भिंतींच्या आणि मातीच्या छपराच्या घरावरचा विश्वास साऱ्या जिल्ह्यांतच डळमळला. ज्यांना जमलें त्यांनीं सिमेंटचा स्लॅब घातला, इतरांनीं पत्रे. ही भीति रास्त होती आणि हा बदल हितकारक होता. पण तुळईबरोबर पाळण्याची जागाहि गेली.

पत्र्याखालचा नळ हेलकाव्यांना पुरेसा मजबूत नसतो. स्लॅबला तर घालतांनाच लोखंडी कडी ठेवावी लागते. सळयांच्या जाळीला ती अडकवून मग सिमेंट ओतलें म्हणजेच ती भार धरते. पंख्याच्या कड्या कोठें असाव्यात हें नकाशा काढणारा न विसरतां लिहितो. पाळण्याची कडी त्याच्या कागदावर क्वचितच असते. नंतर स्लॅबला भोंक पाडून बसविलेला खिळा दिसायला पक्का असतो, परंतु रोजच्या हिसक्यांनीं तो सैल होतो आणि ढिला झाल्याचें खालून दिसत नाहीं.

म्हणून लोखंडी स्टँडचा पाळणा आला. तो कोणत्याहि खोलींत ठेवतां येतो, घडी करून भिंतीशीं उभा करतां येतो, भाड्याच्या घरांत तर दुसरा इलाजच नाहीं. ही सोय खरी आहे. पण त्याचा दोर दोन फुटांचा. त्यामुळें झोका आंखूड आणि घाईचा. पाय अरुंद असले तर तीन-चार वर्षांचें थोरलें भावंड कठड्याला लोंबकळतांच तो कलंडतो. स्टँड विकत घेतांना लोक रंग व मच्छरदाणी पाहतात. पाहावयाची असते ती पायांमधील रुंदी. पायांची रुंदी उंचीच्या मानानें कमी दिसली तर तो पाळणा दुकानांतच राहूं द्यावा.

ज्यांना स्टँडहि परवडत नाहीं, किंवा ज्यांचें घरच चालतें-फिरतें आहे, त्यांची झोळी. रेणापूर तालुक्यांत निवाडा येथें रेणा सहकारी साखर कारखाना आहे. गळिताच्या हंगामांत कारखान्यांच्या परिसरांत ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. आई पहाटे फडावर निघते तेव्हां तान्हें मूल बरोबर असतें, आणि बांधावरच्या झाडाला जुन्या लुगड्याची झोळी पडते. शहरांतील वाचलेल्या-शिकलेल्या मंडळींना झोळी म्हणजे अज्ञान वाटतें. तें बरोबर नाहीं. तिला वजन नाहीं, किंमत नाहीं. ती धुतां येते, आणि मुंग्या, विंचू, साप यांच्यापासून मुलाला वर उचलून ठेवते. फडांत जमिनीवर अंथरलेली वाकळ ही तान्ह्या मुलासाठीं झोळीहून सुरक्षित आहे असें कोणी म्हणूं शकणार नाहीं.

परंतु तिच्यांत दोन दोष आहेत, आणि दोन्ही जिवाशीं खेळणारे आहेत. झोळींत बाळाची पाठ वांकते आणि हनुवटी छातीला टेंकते. अगदीं लहान मुलाची मान स्वतः सांवरण्याइतकी बळकट नसते. अशा स्थितींत श्वासनलिका दबते, वरून कापडाच्या कडा तोंडावर मिटतात. याच कारणानें बालरोगतज्ज्ञ तान्ह्या मुलाला सपाट, घट्ट बिछान्यावर, उताणें निजवावयास सांगतात. दुसरा दोष मूल मोठें झाल्यावरचा. चार-सहा वर्षांचीं मुलें रिकाम्या झोळीचा झोपाळा करतात, गोल गोल फिरून तिला पीळ घालतात, आणि पीळ मानेभोंवतीं बसतो. अशा अपघातांचीं वर्णनें वैद्यकीय नियतकालिकांतून आलेलीं आहेत. पहिल्या दोषावर अनुभवी बायकांनीं अर्धा उपाय शोधलेला आहे: झोळीच्या दोन्ही टोंकांस आडवी काठी घालून तिचें तोंड उघडें ठेवणें. तेवढ्यानें कापड मिटत नाहीं. पाठ मात्र वांकलेलीच राहते. म्हणून झोळी ही नजरेसमोरची डुलकी काढण्यापुरती, रात्रभराच्या निजेसाठीं नव्हे. दुसऱ्या दोषावर उपाय एकच, आणि तो फुकट आहे: बाळ बाहेर काढलें कीं झोळी सोडून ठेवावी.

झोळीवरून बाळाला गुंडाळून ठेवण्याची गोष्ट निघते. पाय सरळ व्हावेत म्हणून बाळोत्यांत पाय जोडून, ताणून, आंवळून बांधण्याची चाल पुष्कळ घरांतून आहे. तान्ह्या मुलाचे पाय बेडकासारखे मुडपलेले असतात ते कांहीं वांकडेपणामुळें नव्हे. त्याच स्थितींत खुब्याचा सांधा आपल्या खोबणींत नीट बसत असतो. जपानांत १९७५ पासून पाय ताणून बांधूं नयेत अशी मोहीम काढण्यांत आली, आणि त्यानंतर तेथें खुबा निखळलेल्या मुलांचें प्रमाण पुष्कळच घटलें. बाळाला ऊब व आधार वाटावा म्हणून हात-छाती गुंडाळावी, पण कमरेखालीं दुपटें ढिलें असावें. आपल्याकडे मूल कडेवर घेण्याची रीत आहे. त्यांत पाय आपोआप फांकतात, आणि ती खुब्याला पोषकच आहे.

अंगावरच्या कपड्यांविषयीं फार बोलावयास नको, कारण तेथें जुनी घडण बहुतेक निर्दोष आहे. झबल्याला गुंडी नसते, बंद असतात. गुंडी तुटून तोंडांत जाते, बंद जात नाहीं. तें डोक्यावरून घालावें लागत नाहीं, पुढून उघडतें. कापड नवें न घेतां वडिलांच्या जुन्या धोतराचें घेतात, तें निव्वळ काटकसर म्हणून नव्हे. शंभर वेळां धुतलेलें सूत बाळाच्या कातडीला बोंचत नाहीं. कमरेचा करदोडा लंगोट खोंवण्याच्या कामीं येतो, आणि तो रुतूं लागला कीं मूल अंगानें भरलें हें घरांतल्या म्हातारीला तराजूवांचून समजतें. पायांतले घुंगरांचे वाळे हे नुसतें लेणें नव्हे. रांगणारें मूल कोणत्या खोलींत आहे हें स्वयंपाकघरांतील आईला त्यांच्या आवाजावरून कळतें. आणि आवाज थांबला म्हणजे तर ती अधिकच वेगानें उठते. दोष काढावयाचा तर कुंचीच्या गळ्याखालच्या लांब बंदांचा व मनगट्यांच्या मण्यांचा काढावा. निजतांना या दोन्ही वस्तु अंगावर नसाव्यात.

दुधाच्या भांड्याची कथा निराळी. तोटी असलेली वाटी, म्हणजे बोंडलें, हें चांदीचें किंवा पितळेला कल्हई केलेलें असे. तें उघडें भांडें. बोट घालून आंतून घांसतां येतें, आणि डाग राहिला तर डोळ्यांना दिसतो. त्याच्या जागीं बाटली आली ती आईचा हात मोकळा करण्यासाठीं. बोंडल्यानें पाजतांना बाळाला अर्धवट उभें धरून घोट घोट द्यावा लागतो, घाई केली तर ठसका लागतो; बाटली मात्र उशीला टेंकवून ठेवतां येते. पण बाटलीचा गळा आणि रबरी बोंडी यांच्या सांध्यांत दूध साचतें. ती खरोखर स्वच्छ करावयाची तर दर वेळीं घांसून, उकळून घेतली पाहिजे, म्हणजे पाणी हवें आणि सरपण हवें. एप्रिल २०१६ मध्यें लातूरला मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, हें अद्याप कोणी विसरलेलें नाहीं. ज्या घरांत घागर मोजून पाणी वापरलें जातें त्या घरांत दिवसांतून सहा वेळां बाटली उकळली जाईल अशी अपेक्षा धरणें हें बाटली बनविणाऱ्याचें अज्ञान आहे, आईचें नव्हे.

सरकारनें १९९२ सालीं कायदा करून बाळाचें कृत्रिम दूध आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीस बंदी घातली, आणि २००३ सालीं तो कायदा अधिक कडक केला. पहिले सहा महिने आईचें दूध, दुसरें कांहीं नाहीं, हा वैद्यांचा आजचा निर्णय आहे. तें देणें अशक्यच झालें तर वाटी-चमचा, किंवा तोटीची वाटी. गंमत अशी कीं कमी वजनाच्या बाळांना पाजण्यासाठीं देशांतील इस्पितळांतून जें तोटीचें भांडें वापरतात, तामिळ मुलुखांत ज्याला पालाडै म्हणतात, तें आपल्या बोंडल्याचें सख्खें भावंड आहे. रेणापूरच्या एखाद्या आजीच्या ट्रंकेंत तें काळवंडून पडलेलें असेल आणि नातवासाठीं बाजारांतून बाटली येत असेल. मात्र जुन्या पितळेची कल्हई उडालेली असते. अशा भांड्यांत दूध ठेवणें बरें नव्हे. स्टीलचें घ्यावें, आकार तोच.

आतां पांगुळगाडा. या एका वस्तूंत जुन्या आणि नव्या घडणीचा भेद जितका स्पष्ट दिसतो तितका दुसऱ्या कशांतहि दिसत नाहीं. सुताराचा पांगुळगाडा म्हणजे पुढें एक व मागें दोन अशी तीन चाकें, त्यांवर लांकडी चौकट आणि धरावयास आडवा दांडा. मूल त्याच्या मागें उभें राहतें. उभें राहण्याची ताकद पायांत आल्यावांचून त्याला हा गाडा वापरतांच येत नाहीं. म्हणजे केव्हां सुरुवात करावयाची हें गाडा स्वतःच ठरवितो. सारें वजन मुलाच्या पायांवर असतें, गाडा फक्त तोल देतो. दमलें कीं मूल हात सोडून खालीं बसतें. त्याला आपले पाय दिसतात, पुढचा उंबरठा दिसतो, आणि गाडा उंबरठ्याला अडला म्हणजे उंबरठा म्हणजे काय हेंहि समजतें.

वॉकरांत याच्या उलट आहे. मूल एका कड्याच्या मधोमध कापडी बैठकींत लोंबतें. उभें राहतां न येणारें सहा महिन्यांचें मूलहि त्यांत घालतां येतें, आणि घातलें जातें, कारण तेवढा वेळ आईला मोकळीक मिळते. तें टांचा न टेंकतां बोटांनीं जमीन ढकलतें, आणि एका सेकंदांत तीन फुटांहून अधिक अंतर तोडतें. खोलीच्या दुसऱ्या कडेला उभी असलेली आई त्याला गांठूं शकत नाहीं. एरव्हीं ज्या उंचीवर त्याचा हात पोंचला नसता तेथें, गरम भांड्यापर्यंत किंवा टेबलावरच्या चहापर्यंत, तो पोंचतो. पायरी आली तर वॉकर थांबत नाहीं. इतकें करून चालणें लवकर येतें म्हणावें तर तेंहि नाहीं. अमेरिकेंत १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत वॉकरांत ठेवलेलीं मुलें बसणें, रांगणें व चालणें हीं तीनहि कामें इतर मुलांहून उशिरां करूं लागलीं असें आढळलें. कॅनडानें २००४ सालीं वॉकरची विक्री, आयात व जाहिरात कायद्यानें बंद केली. भारतीय बालरोगतज्ज्ञांचाहि सल्ला तो न वापरण्याचाच आहे. तरी बारशाच्या अहेरांत तो येतो. आणणाऱ्याच्या मनांत प्रेमच असतें, आणि तो परत करणें जड जातें. त्याचीं चाकें काढून टाकलीं म्हणजे नातें तुटत नाहीं आणि मूलहि वांचतें.

पण सुताराचा गाडा आंधळेपणानें घरांत आणावा असेंहि नाहीं. तो शेणानें सारवलेल्या जमिनीसाठीं घडविलेला आहे. त्या खरखरीत जमिनीवर लांकडी चाकें अडखळत, कुरकुरत चालतात. मूल जोर लावतें तेवढाच गाडा सरकतो. शहाबादी फरशीवर तो अधिक सैल पळतो, आणि हल्लींच्या गुळगुळीत टाइलवर तर मुलाच्या हातून निसटून पुढें जातो व मूल तोंडावर पडतें. गाडा तोच, मूल तेंच. बदलली ती जमीन. यासाठीं जुन्या कापडाच्या चिंध्या चाकांवर घट्ट गुंडाळाव्यात, आणि चौकटीवर एखादी वीट फडक्यांत बांधून ठेवावी. गाडा जड झाला कीं तो पुन्हा मुलाच्या चालीनें चालूं लागतो.

शेवटीं खेळणीं आणि रंग. नवरात्रांत देवीच्या यात्रेला आलेल्या कोणत्याहि दुकानांत पिपाण्या, खुळखुळे, चाकाचीं पांखरें मांडलेलीं असतात. १ जानेवारी २०२१ पासून भारतांत विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली आहे. नोंदणी केलेल्या हस्तकारागिरांच्या खेळण्यांना त्यांतून सवलत आहे. तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्याचा सुटा भाग किती लहान असूं नये हें पाहण्यासाठीं ३१·७ मिलिमीटर व्यासाची एक नळी ठरविलेली आहे. जो तुकडा तिच्यांत पूर्ण मावतो तो मुलाच्या घशांतहि अडकूं शकतो. खुळखुळा घेतांना तो जोरानें पिळून पाहावा. सांधा उघडला आणि आंतले मणी बाहेर आले, तर ते दुकानांतच बाहेर आलेले बरे.

रंगाचा प्रश्न मात्र यात्रेंतल्या खेळण्यापेक्षां घरच्या पाळण्याचा अधिक आहे, आणि तो सहसा कोणाच्या ध्यानींमनीं नसतो. पाळणा घरांत तीन पिढ्या चालतो. प्रत्येक बारशाला त्यावर तैलरंगाचा नवा हात फिरतो. जुन्या तैलरंगांत शिसें असे. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासूनच अंमलांत आला. म्हणजे वरचा थर निर्दोष असला तरी त्याखालीं आजोबांच्या वेळचा थर आहे. दांत येऊं लागलेलें मूल पाळण्याच्या कठड्याला चावतें, रंगाचे पोपडे तोंडांत जातात, आणि शिसें मुलाच्या मेंदूला अपाय करतें; त्याचें वेगळें लक्षण पुष्कळदां दिसतहि नाहीं. बारशाच्या आदल्या दिवशीं ओसरीवर बसून कोरड्या पॉलिश कागदानें तो रंग खरवडूं नये. धूळ घरभर होते आणि बाळंतिणीच्या खोलींत जाते. पाळणा सुताराकडे द्यावा, घराबाहेर आणि ओल्या कागदानें घांसून घ्यावा, व मग लांकूड उघडेंच ठेवावें. तेवढा वेळ नसेल तर कठड्यावर धुतलेल्या सुती कापडाची रुंद पट्टी गुंडाळून बाहेरच्या बाजूनें टांके घालावेत. आठवड्यानें टांके उसवून ती पट्टी उकळत्या पाण्यांत धुतां येते आणि दुसरी चढवितां येते.